कोणत्या कलमाखाली सोडता?

"मी स्टेअरिंगवर असलो ना, तर आपल्याले अडवणारा पोलीस अजून पैदा व्हायचा आहे," मधुकरराव म्हणाले आणि वाडी नाक्याचा लाल सिग्नल तोडून पुढं गेले.

शिटी वाजली.

शेजारी भाची अपेक्षा बसली होती. नवरीचा शालू, डोक्यात गजरा, पार्लरमधून नुकतीच निघालेली. मुहूर्त तोंडावर आला होता आणि हॉल नाक्याच्या पलीकडेच होता. मागच्या सीटवर रुखवताच्या डब्यांआड भटजी आडवे होऊन घोरत होते. सकाळी खाप्याचं एक लग्न लावून आले होते आणि तिथं जेवण चांगलं होतं. नवरीला मांडवात आणायचा मान मामाचा, म्हणून ही सगळी जोखीम मधुकररावांकडे.

मधुकरराव कोर्टातून रिटायर झालेले. झोपेतून उठवून विचारलं तरी धडाधड कलमं सांगत. म्हणून घरात त्यांना कोणी झोपेतून उठवत नसे.

हवालदार जितेंद्र खिडकीशी आला. आत नवरी पाहून त्याचा चेहराच बदलला.

"लग्न आहे का काका? जा, जा. सिग्नल पाहत जा जरा."

अपेक्षाचा जीव भांड्यात पडला. मधुकररावांनी इंजिन बंद केलं.

"जा म्हणजे? कोणत्या कलमाखाली सोडून राहिले तुम्ही मले?"

"असंच सोडून राहिलो, काका."

"असंच नावाचं कलम नाही. गुन्हा झाला आहे. दोनशे एकोणऐंशी लावा. भरधाव गाडी चालवणं."

"मामा, मुहूर्त चालला!"

"थांब वं. कायद्याले मुहूर्त नसते."

जितेंद्रनं डोकं खाजवलं. "काका, आता नवीन न्याय संहिता आली ना. ट्रेनिंगमध्ये सांगितलं होतं, पण तेव्हा माझं लक्ष जेवणाकडं होतं. थांबा, फोनात पाहतो."

"नाव बदललं ते मले माहीत आहे. नंबर कशाले बदलतीन?"

जितेंद्रनं बोटानं फोन वरखाली केला. "दोनशे एकोणऐंशी... सार्वजनिक तळ्याचं पाणी घाण करणं."

"मी पाणी घाण केलं?"

"मी कुठं म्हणतो? तुम्हीच लावा म्हणून राहिले."

मधुकरराव गाडीतून उतरले. आवाज एकदम खाली आला. दवाखान्यात नातेवाइकाची विचारपूस करावी तसं त्यांनी विचारलं, "आणि तीनशे दोन?"

"खून ना? तो एकशे तीनवर आला."

"इतका खाली? आणि... चारशे वीस?"

"तीनशे अठरा झालं. चारशे वीस तर नंबरच नाही, काका. सगळी मिळून कलमंच तीनशे अठ्ठावन्न."

मधुकरराव दुभाजकावर बसले आणि त्यांनी पाणी मागितलं. गाडीच्या मागंपुढं ट्रकांची रांग लागली. ड्रायव्हर उतरून आले. एकानं आशेनं विचारलं, "मंग माझ्यावरचं चारशे वीस सुटलं का जी?" त्यावर तिथंच दोन तट पडले.

अपेक्षा शालू सावरत खाली उतरली. "हवालदार भाऊ, मामाले काय लावायचं ते लावा. पण मले आधी हॉलवर सोडा!"

जितेंद्रनं बुलेट काढली. गजऱ्यावर हेल्मेट बसत नव्हतं. त्यानं दाबून बसवलं. बुलेट सुटली तेव्हा कुठं मधुकरराव भानावर आले. त्यांचा मान पोलिसाच्या मागच्या सीटवर बसून चालला होता.

"अरे, मामा मी आहे!" ते ओरडले. त्यांची गाडी पुढूनमागून ट्रकांत अडकली होती. त्यांनी ती तशीच सोडली आणि दिसेल त्या ऑटोत उडी मारली.

हॉलच्या दारात नवरी पोलिसाच्या गाडीवरून उतरली तेव्हा बँड बंद पडला. नवरदेवाच्या आईनं पोराला हाताला धरून मागं ओढलं. तेवढ्यात ऑटो आला. मधुकररावांनी धापा टाकत भाचीचा हात पकडला, हेल्मेट काढून हवालदाराच्या हातात दिलं आणि तिला मांडवात उभं केलं. अंतरपाट धरलेला होता. सगळ्यांच्या मुठीत अक्षता होत्या. खरंच, मुहूर्त अजून टळला नव्हता.

"आणली का नाही टायमावर?" मधुकररावांनी छाती फुगवली. "तेही कायद्यानं! करा आता सुरू!"

कोणीच सुरू केलं नाही.

त्यांची बहीण मनकर्णा इकडंतिकडं पाहत म्हणाली, "दादा, भटजी कुठं आहेत गा?"

जितेंद्रचा फोन वाजला. नाक्यावर मधोमध उभी असलेली बेवारस कार क्रेननं उचलून नेली होती. भटजी अजून उठले नव्हते.