पाचवा रन

“चार नाहीत, पाच,” म्हातारा म्हणाला आणि त्याने छापील कागदावरच्या एका ओळीवर अंगठा टेकवला.

हेझल पेनरोजने चष्मा सारखा केला. ओळ तिचीच होती. ‘रन : मेंढ्यांची लोकर कातरणाऱ्यांची दोन तासांची पाळी. दिवसाला चार.’ शब्दकोशाचा कच्चा मजकूर ती गावोगावच्या जाणकारांकडे तपासायला पाठवत असे. बाकीचे तो टपालाने परत करत. आल्फ ट्रलोर मात्र अख्खी सकाळ बसमध्ये घालवून ऑरोरूहून थेट ॲडलेडच्या कचेरीत आला होता.

“मिस्टर ट्रलोर, साडेसातला पहिला रन सुरू होतो, साडेपाचला शेवटचा सुटतो. मी लोकर कातरायच्या बारा शेडवर जाऊन विचारलंय.”

“कोणाला विचारलंस? कातरणाऱ्यांना. त्यांना भोंगा वाजल्याशिवाय जाग येत नाही. एखाद्या स्वयंपाकिणीला विचारलंस का, पोरी?”

चाळीस वर्षांच्या हेझलला बऱ्याच दिवसांनी कोणी पोरी म्हटलं होतं. स्वयंपाकिणीला तिने विचारलं नव्हतं.

“माझी आयव्ही एकोणतीस वर्षं शेडवर रांधत होती. पहाटे साडेतीनला उठायची. बावीस माणसांचा चहा, पाव, मटणाचे चॉप्स. आम्ही डोळे चोळत टेबलावर येईपर्यंत तिचा एक रन होऊन गेलेला असायचा. पाचवा रन म्हणायची त्याला. मग शेडवर सगळेच म्हणायला लागले.”

“पण तो तर सगळ्यांत आधीचा. पहिला का नाही म्हणायची?”

“आमचे चार युनियनने आधीच मोजून ठेवले होते. तिच्या वाट्याला पाचवा उरला.”

हेझलला हसू आलं. “आणि तुम्ही तर तेव्हा घोरत असाल. साडेतीनलाच उठायची, हे कसं कळायचं?”

“कळायचं,” आल्फ म्हणाला आणि मांडीवरची टोपी फिरवत बसला.

हेझलच्या पाठीमागच्या फळीवर उदाहरणांच्या चिठ्ठ्यांनी भरलेली नऊ खोकी होती. नऊही याच एका शब्दाची. क्रिकेटची धाव, मेंढ्यांचं चराऊ रान, कोंबड्यांचा जाळीचा वाडा, दूधवाल्याची फेरी. मुळात दोन शब्द होते, एक इंग्लंडमधला जुना आणि एक उत्तरेकडच्या दर्यावर्दींनी आणलेला. शेकडो वर्षांत ते एकमेकांत असे मिसळले की आता वेगळे काढणं अवघड. हेझल अकरा महिने त्या एकाच शब्दात अडकली होती.

“इतकी खोकी भरलीत,” आल्फ म्हणाला, “त्यात आयव्हीची एक चिठ्ठी बसणार नाही?”

“तिला एवढं महत्त्वाचं वाटतं?”

“तिला ठाऊकच नाही मी इथे आलोय. खुब्याचं हाड मोडून सहा आठवडे हॉस्पिटलात आहे. भिंतीकडे तोंड करून पडते. म्हणते, जन्मभर केलं काय, तर भांडी घासली. तिला पुस्तकात दाखवायचं होतं, की बघ, छापलंय.”

हेझलने पेन खाली ठेवलं. “आमचा एक नियम आहे. बोललेलं चालत नाही, छापलेलं लागतं. तारखेसकट. आणि तीन वेगवेगळ्या माणसांनी लिहिलेलं. तुम्ही स्वतः मागताय, म्हणून तुमचं त्यात धरता येत नाही. महिन्याच्या शेवटच्या शुक्रवारी हे पान छापखान्यात जाणार.”

“स्वयंपाकिणीबद्दल कोण छापतंय?” एवढंच म्हणून आल्फ उठला. दाराशी त्याने टोपी घातली आणि चहालाही न थांबता गेला.

गावोगावची वर्तमानपत्रं चाळून कात्रणं काढणं हे हेझलचं रोजचंच काम. पुढच्या बुधवारी उत्तरेकडचं साप्ताहिक उघडलं आणि तिची कात्री थांबली. आजारी माणसांना शुभेच्छा देण्याच्या रकान्यात युंटा गावच्या एका कातरणाऱ्याने लिहिलं होतं, ‘आयव्ही, तुझ्या पाचव्या रनवर आमचे चार चालायचे. लवकर बरी हो.’ खाली हॉकर गावच्या एका लोकर पारखणाऱ्याचं, ‘पाचवा रन आणि तुझा मनुकांचा केक, दोन्ही विसरलो नाही.’

शब्दकोशाचे संपादक लॉफ्टस चष्म्यावरून म्हणाले, “हेझल, हे कोणीतरी सांगून लिहवून घेतलेलं दिसतंय.”

“तसं कात्रणावर कुठे छापलेलं नाही, सर.”

लॉफ्टस हसले. “ठीक. पण दोनच आहेत. तीन लागतात.”

पुढच्या दोन्ही बुधवारी काही आलं नाही. हेझलने जुन्या अंकांचे गठ्ठे उपसले. शेडच्या हिशेबवह्या, युनियनची पत्रकं, जत्रेतल्या केकच्या स्पर्धांचे निकाल, सगळं पाहिलं. स्वयंपाकिणीबद्दल खरंच कोणी काही छापलं नव्हतं. शेवटच्या आठवड्याचा अंक टपालात रेंगाळला. तो आला शुक्रवारी अकराला आणि पान जायचं होतं बाराला.

शुभेच्छांच्या रकान्यात आयव्हीसाठी काही नव्हतं. हेझलने पान उलटलं. मागे आभाराच्या रकान्यात मोजक्याच ओळी होत्या. त्या तिने दोनदा वाचल्या. मग तिने कोरी चिठ्ठी पुढे ओढली, तारीख घातली आणि अक्षर न् अक्षर उतरवून काढलं :

‘शुभेच्छा देणाऱ्या सगळ्यांचे आभार. पाचव्या रनबद्दल थोडी दुरुस्ती. तो माझा एकटीचा नव्हता. एकोणतीस वर्षं रोज पहाटे मी साडेतीनला उठायच्या आधीच उठून लाकडं फोडायला आणि चूल पेटवायला आल्फ यायचा. कातरणाऱ्याने स्वयंपाकघरात हात लावला तर बाकीचे हसतात, म्हणून कोणाला सांगू नकोस म्हणायचा. मग हात धुऊन तो आपले चार करायला जायचा. आयव्ही ट्रलोर, वॉर्ड तीन.’