तुम्ही म्हणाल तसं

मॅकेना अमेरिकेहून एका सत्रापुरती इटलीत बोलोन्याला शिकायला आली आणि माझ्या घरी राहिली. पहिल्याच जेवणाला मी तिला बजावले, "या घरात वडीलधाऱ्यांना 'तुम्ही' म्हणतात." तिच्या भाषेत हा भेद नाही, तरीही तिची जीभ एकदाही घसरली नाही.

एके दुपारी मी जिना चढत असताना वरच्या मजल्यावरून तिचा आवाज आला. "इर्मा, तू पक्की लबाड आहेस. पत्ते मांडीखाली लपवतेस होय?" आणि इर्मा, आमची वरची शेजारीण, माझ्याहून वयाने थोरली, शाळकरी मुलीसारखी खिदळत होती.

'तू' आम्ही आईला म्हणतो, देवाला म्हणतो. तोर्तेल्लीनी, म्हणजे सारण भरलेला पास्ता, घरी न वळता दुकानातून आणून पाहुण्यांपुढे ठेवणाऱ्या इर्मासारख्या बाईला म्हणत नाही.

त्या संध्याकाळी मी एकेक करून करंगळीवर वळलेले तोर्तेल्लीनी मॅकेनाने पुन्हा मागून घेतले. "तुमच्या हाताला चव आहे, सिन्योरा," ती म्हणाली. एरवी मी सुखावले असते.

"इर्मालाही असंच म्हणतेस?"

"छे. तिला म्हणते, तुला साधं अंडंसुद्धा उकडता येत नाही."

हे ऐकून मला बरे वाटायला हवे होते. उलट जीव अधिकच जळला.

मी चमचा खाली ठेवला. "मॅकेना, उद्यापासून मलाही 'तू' म्हणायचं. समजलं?"

तिने पाठ ताठ केली, ओठ पुसले आणि अदबीने म्हणाली, "हो, सिन्योरा. तुम्ही म्हणाल तसं."