लांब पल्ल्याचा घोडा

छोट्या शर्यतीत हा घोडा हमखास मागे पडायचा आणि लांब पल्ल्याच्या शर्यतीत भल्याभल्यांना धूळ चारायचा. "रक्तातच दम आहे त्याच्या," ट्रेनर छाती फुगवून सांगायचा.

छोटी शर्यत तबेल्याच्या बरीच पुढून सुटायची. लांबच्या शर्यतीत मात्र घोडे तबेल्याच्या कुंपणाला लागून जायचे. तिथे ट्रेनरचे म्हातारे वडील खुर्ची टाकून बसायचे आणि आपला घोडा दिसला, की दाण्याची बादली बडवत ओरडायचे, "पळ रे माझ्या राजा!"

"बाबा, लोक हसतात हो."

"हसू देत. त्याला आवडतं."

वडील गेले. पुढच्याच लांब शर्यतीत घोडा सगळ्यांच्या पुढे होता. कुंपणापाशी येताच त्याने कान टवकारले आणि रिकाम्या खुर्चीसमोर पायच रोवले. जॉकीने चाबूक ओढला, तरी तो जागचा हलेना.

"अहो, मग ती खुर्ची तेवढी उचला की तिथून!" शर्यत संपल्यावर घोड्याचा मालक वैतागून म्हणाला.

ट्रेनरने खुर्ची हाताने पुसली आणि होती तिथेच ठेवली.



"साहेब, यापुढे त्याला छोट्या शर्यतीतच पळवू."