लाकडी मूठ

"हा नको," गुणवंतराव म्हणाला. "याले लाकडी मूठ हाये."

जाहिदाने चिमटा हातातच ठेवला. केस कुरळे करायचे दोन चिमटे तिने गिऱ्हाइकासमोर मांडले होते. एक जाड लोखंडी, मुठीला सागाचं लाकूड बसवलेला. दुसरा पितळेचा, पातळ, टोकापासून मुठीपर्यंत नुसता धातू.

"भाऊ, लाकडानंच तं हात वाचते. पितळ मुठीपर्यंत तापते. धरवत नाई."

"नाई धरवलं तं सोडून देईल."

त्याची बायको चंदा शेजारीच उभी होती. तिची नजर लोखंडी चिमट्यावर होती.

दोघे नागभीडकडचे. चंदाच्या बापाची तिकडे धानगिरणी होती आणि गुणवंतराव लग्नापासून तिथेच घरजावई म्हणून राहत होता. आरमोरीच्या आठवडी बाजारात त्याला सगळे ओळखत. उंच, रुंद हाडाचा माणूस. गिरणीवर धानाचं पोतं एकट्याने उचलायचा.

जाहिदाचं बांगड्या-फण्यांचं दुकान बाजाराच्या तोंडाशीच होतं. फिरता सिनेमा यायला लागल्यापासून मुलींना कपाळावर कुरळ्या बटा हव्या असत. लग्नघरी बोलावलं की जाहिदा शेगडी घेऊन जायची. चिमटा निखाऱ्यात तापवायचा, कागदावर टेकवायचा. कागद करपला तर थांबायचं. पांढरा राहिला की बट गुंडाळायची. हे ती प्रत्येक गिऱ्हाइकाला समजावून सांगत असे. आताही सांगितलं.

"किती वेळ गरम राह्यते?" गुणवंतरावाने विचारलं.

"लोखंड जाड, म्हणून ते लय वेळ राह्यते. पितळेचा लवकर निवते. बट गुंडाळेपर्यंत थंडा."

"अन् अंगाले लागला तं? निशाण राह्यते का?"

जाहिदाने वर पाहिलं. इतक्या वर्षांत हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. केस जळतील का, असं सगळे विचारायचे.

"लोखंडाचं राह्यते," ती सावकाश म्हणाली. "पितळेचं कमी."

"मंग पितळेचा बांधा."

"मले सागाचा पायजे," चंदा म्हणाली आणि तिने हात पुढे केला.

तेव्हा जाहिदाला तिचा तळवा दिसला. चारही बोटांवरून आणि तळव्यावरून आडवा, बोटभर रुंदीचा भाजल्याचा पट्टा गेला होता. कातडी ताणलेली, चकाकणारी. चिमट्याने भाजलेल्या बाया जाहिदाने पुष्कळ पाहिल्या होत्या. कपाळावर, कानाच्या पाळीवर, मानेवर. तळव्यात कधीच नाही.

"हे कसं झालं, माय?"

"भाकर उलटवाच्या सराट्यानं. चुलीत राह्यला होता."

जाहिदाची बहीण शकिलाही असंच म्हणायची. चुलीत राहिला होता, लक्ष नव्हतं. मग एका सकाळी तिच्या सासरहून निरोप आला, आणि जाहिदा पोचली तेव्हा चेहऱ्यावरून बहीण ओळखू येत नव्हती.

तापलेलं लोखंड हातात देऊन वरून मूठ आवळली, की असाच पट्टा उठेल.

चंदाने जाहिदाच्या हातून लोखंडी चिमटा घेतला. गुणवंतरावाने तो हिसकावला आणि फळीवर आपटला.

"घरी बोलू," चंदा हळूच म्हणाली.

"घरी नाई!" तो ओरडला. त्याचा आवाज चिरकला. "जे बोलायचं ते इथीच बोल! सगळ्याइच्या समोर बोल!" आणि त्याने तिचं मनगट धरलं.

जाहिदाने विचार केला नाही. तिने लोखंडी चिमटा उचलला आणि त्याच्या हातावर घातला. हाड मोडल्याचा आवाज तिला स्पष्ट ऐकू आला.

"बाबूभाई! धावा! हा बायकोले डागते!"

समोरचा कल्हईवाला बाबूभाई हातातलं भांडं टाकून आला. मागून लटारू गाडीवान बैल हाकायची काठी घेऊन आला. बाबूभाईचा पहिला ठोसा तोंडावर बसला. गुणवंतराव दुकानाच्या पायरीवरून खाली धुळीत पडला. मग लाथा सुरू झाल्या.

"सासऱ्याच्या भाकरीवर जगते, अन् त्याच्याच लेकीले डागते?" बाबूभाई दर शब्दाला एक लाथ घालत होता.

"घरजावई असून एवढी मस्ती!" लटारूची काठी पायांवर, खांद्यांवर पडत होती. "उचल ना हात आता! बाईवर उचलते ना?"

गुणवंतरावाने हात उचलला नाही. एवढा दांडगा माणूस, पण त्याने डोकंसुद्धा झाकलं नाही. एक दात ओठातून बाहेर आला होता. बाजार गोळा झाला. गर्दीतून कुणीतरी आणखी एक लाथ घातली, कुणी थुंकलं.

"बघू नको, माय," जाहिदा चंदाला जवळ ओढत म्हणाली आणि तिचे डोळे झाकले.

चंदाने तिचा हात बाजूला केला आणि बघत राहिली.

लटारूने गुणवंतरावाला उभं करायला मागून सदऱ्याला धरलं. सदरा मानेपासून कमरेपर्यंत फाटत गेला.

बाबूभाईचा उचललेला पाय तसाच खाली आला.

पाठभर आडवे पट्टे होते. बोटभर रुंद, एकाखाली एक. वरचे पांढरे पडले होते. कमरेजवळचे अजून ओले होते.

चंदा पायरी उतरली. तिने पदर सावरला आणि वाकून त्याचा दंड धरला.

"झालं, बस," ती शांतपणे म्हणाली. "चाला घरी."

गुणवंतराव धुळीतून सरपटला. मोडका हात तसाच ओढत त्याने बाबूभाईच्या पायांना मिठी मारली.

"मार, भाऊ," तो रक्त थुंकत म्हणाला. "आणखी मार. पण मले हिच्यासंगं घरी नको धाडू."