पाय हलवायचा नाही

"पाय कोण हलवतंय?" काचेपलीकडून तंत्रज्ञ माईकवर ओरडला.

कोण हलवणार? एमआरआय मशीनच्या बोगद्यात नाच शिकवणाऱ्या बाई एकट्याच तर आडव्या होत्या. मशीन ठकठक वाजायला लागलं आणि त्यांच्या टाचेनं आपोआप ठेका धरला. पोटाची सगळी चित्रं हलली. सगळी मेहनत पाण्यात!

"अहो, तुमचं मशीनच इतकं लयीत वाजतं, मी तरी काय करू?" बाहेर आल्यावर बाई म्हणाल्या.

त्यांची थोरली बहीण मात्र तडकली. "राहू द्या ते फोटो! गर्भाशयात कॅन्सर आहे, उद्या ऑपरेशन आहे. काढायचंच आहे, तर आज तिचा जीव कशाला खाताय?"

सर्जनबाई नेमक्या दारात उभ्या होत्या. "ताई, काढायचं हे कळलंय. किती काढायचं ते कुठे कळलंय? गाठ गर्भाशयाच्या भिंतीत वरवर असेल, तर छोट्या छोट्या भोकांतून काम होईल. खोल शिरली असेल, तर आजूबाजूच्या लसिकाग्रंथीही काढाव्या लागतील. मग पायांना कायमची सूज राहू शकते. हे सगळं पोट उघडल्यावर शोधत बसू का मी?"

पायांना सूज! बाईंचा चेहरा खर्रकन उतरला. आतापर्यंत त्या मरणाला घाबरत होत्या, पायांचं कुणी बोललंच नव्हतं. त्या परत आडव्या झाल्या.

"पट्टा बांधा हो," त्या म्हणाल्या. "चांगला आवळून."

मशीन सुरू झालं. काचेपलीकडे, तंत्रज्ञाच्या शेजारी बसून ताई पुटपुटत होती, "हलू नकोस गं बाई, अजिबात हलू नकोस." आणि तिचीच टाच जमिनीवर ठकठक वाजत होती! तंत्रज्ञानं कपाळावर हात मारला. पण पडद्यावर एकेक चित्र स्वच्छ उमटत होतं.

बाई बाहेर आल्या, तशा सर्जनबाई पडद्यासमोर खुर्ची ओढून बसल्या. चित्रं वरखाली केली, मोठी केली, पुन्हा पाहिली. आणि एकदम त्यांनी टेबलावर थाप मारली.

"अरे वा! या, दोघी इकडे या. ही भिंत. ही गाठ. अर्ध्यापर्यंतसुद्धा पोचलेली नाही! ग्रंथीही ठीक दिसताहेत. शेवटचा शब्द प्रयोगशाळेचा, पण उद्या मी अंधारात चाचपडत आत जाणार नाही. छोटीच भोकं, बाई!"

"खरंच? पुन्हा सांगा!" बाई ओरडल्याच. हसता हसता त्यांना रडू फुटलं, आणि तंत्रज्ञ उगाचच चष्मा पुसायला लागला.

ताई मात्र पडद्याला नाक लावून उभी होती. त्या इवल्याशा करड्या डागावर तिनं बोट रोखलं.

"एवढीशी तू, आणि सगळं घर डोक्यावर घेतलंस होय गं?" ती दात-ओठ खात म्हणाली. "थांब आता. दिसलीस तू आम्हाला!"