टाळ्यांचा कडकडाट

नवी रचना सुरू होऊन तिसऱ्याच मिनिटाला पहिल्या रांगेतून टाळ्या सुरू झाल्या. मंडळाचे अध्यक्ष दाबके वाजवत होते. नकोशा गायकाला सन्मानाने उठवायची आमच्या गावची ही जुनी पद्धत. बघता बघता आम्ही चारशे जण सामील झालो.

मंचावर सबनीसबाई गायनवृंदाचं संचालन करत होत्या. सव्वीस वर्षांत त्यांनी तरुण संगीतकारांच्या एकतीस नव्या रचना बसवल्या होत्या. प्रत्येकीचा पहिला प्रयोग तोच शेवटचा, कारण दुसऱ्यांदा ऐकायला कुणी तयार नसे.

बाईंनी हात थांबवले, वळून नमस्कार केला.

"वन्स मोअरबद्दल आभार. पहिल्यापासून घेऊ."

रचना पुन्हा सुरू झाली. पुढे नाट्यगीतं होती, त्यामुळे उठून जाववेना. शेजारी बसलेल्या मंडळाच्या चिटणीसांनी टाळीसाठी हात उचलले, तेव्हा दाबक्यांनी त्यांचं मनगट धरलं.

"वाजवू नका हो. ती बाई तिसऱ्यांदा घेईल."

अठरा मिनिटं कुणी खोकलंसुद्धा नाही. शेवटचा सूर विरला, तरी आम्ही हात मांडीखाली दाबून बसलो होतो. तेवढ्यात मागच्या रांगेतून एकाच माणसाच्या टाळ्या ऐकू आल्या. सगळ्यांनी वळून त्याच्याकडे खाऊ की गिळू अशा नजरेनं पाहिलं. गाढवाला ती रचना खरोखर आवडली होती.