कोंढ्याला पाठवलेला फोटो

मलेशियाच्या जंगलात तीन दिवस पायपीट केल्यावर रेणूला हवं होतं ते मोठं, काळं-हिरवं फुलपाखरू दिसलं. गुडघे टेकून तिनं मोबाईलवर एक फोटो काढला आणि लगेच गावी कोंढ्याला, वडिलांना पाठवला. धानाच्या बांध्यांत आयुष्य गेलेल्या कवडूजींनी तिच्या या छंदाचं कधी कौतुक केलं नव्हतं. आज तरी ते दोन शब्द बोलतील, असं तिला वाटलं.

आणखी जवळून फोटो हवा म्हणून, आड येणारं पान बाजूला करायला तिनं उजवा हात झुडपात घातला. तेवढ्यात डाव्या हातातला फोन वाजला. वडीलच होते.

"रेणू, आहे तिथंच राय. हालू नोको."

"काहून, बाबा? उडून जाईन ना ते!"

"बाजूच्या फांदीवर हिरवा साप हाये. फोटोत त्याचा डोया दिसून रायला. आता हळूहळू मांगं ये, बेटा."

रेणूनं मान न हलवता पाहिलं. ज्याला ती वेल समजली होती, तो साप तिच्या मनगटापासून वीतभरावर होता. श्वास रोखून तिनं हात बाहेर काढला आणि गुडघ्यांवरच मागे सरकत मोकळ्या वाटेवर आली.

मग डोळे पुसत तिनं विचारलं, "बाबा, पण फुलपाखरू कसं वाटलं तुमाले?"



"कोणतं फुलपाखरू?"